यूजीन हूड्री आणि धुराचा हिशेब

हुपरीच्या चांदीकामात कचरा म्हणून काही टाकून द्यावयाचे नसते. पैंजण, वाळे, जोडवी घडविताना कानशीखाली पडलेला कीस, भट्टीच्या तोंडाशी सांडलेला कण, कारागिराच्या बैठकीखालची धूळ हे सारे झाडून जपून ठेवले जाते आणि त्यातील चांदी पुन्हा मुशीत येते. सराफी पेठांतील धूळ धुऊन तिच्यातून धातू वेचणाऱ्या झारेकऱ्यांचा तर तो पिढीजात व्यवसायच. ज्या वस्तूला बाजारात भाव आहे तिचा कणही वाया जाऊ देऊ नये, हे अर्थशास्त्र या गावाला पाठ्यपुस्तकातून शिकावे लागले नाही. मात्र गळीत हंगामात याच गावच्या रस्त्याने उसाने लादलेला एखादा जुना ट्रक घरघरत निघून जातो, तेव्हा त्याने मागे सोडलेल्या काजळीचा हिशेब कोणाच्याही वहीत लिहिला जात नाही. काजळीला भाव नाही. तिची किंमत मात्र असते, आणि ती रस्त्याकडेला उभ्या असलेल्या शाळकरी मुलाच्या, पानटपरीवाल्याच्या, एस. टी.ची वाट पाहणाऱ्या कारकुनाच्या नावे गुपचूप पडत राहते.

जुन्या ट्रकच्या धुराची कथा दोन प्रकारची आहे. काही गाड्या इतक्या जुन्या, की त्यांच्या धूरनळीत आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरपलीकडे दुसरे कोणतेही साधन कारखान्यानेच बसविलेले नाही. दुसऱ्या गाड्या त्यामानाने अलीकडच्या. त्यांच्या नळीत धूर निवळणारी साधने होती. परंतु गाडी ओढत नाही, डिझेल जास्त खाते, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, अशा कारणांनी ती कापून काढली गेली, आणि डब्याच्या जागी साधा पाइप जोडला गेला. ज्या डब्याला असा निरोप दिला जातो, तो मुळात कोणाच्या डोक्यातून निघाला आणि कशासाठी, हे समजून घेतल्यास आजच्या प्रश्नावरही काही प्रकाश पडेल. त्यासाठी यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याच्या चरित्राकडे वळावे लागते. तेलशुद्धीकरणाच्या जगात त्यांचे नाव मोठे आहे. सर्वसामान्य वाचकाला ते फारसे परिचित नाही.

हूड्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी पॅरिसजवळच्या दोमाँ येथे झाला. वडिलांचा पोलादी बांधकामसाहित्याचा कारखाना होता. घरच्या धंद्याला उपयोगी पडेल म्हणून मुलाने यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९११ मध्ये तो आपल्या वर्गात पहिला येऊन सुवर्णपदकासह पदवीधर झाला. अभ्यासाइतकाच तो मैदानावरही पुढे होता. संस्थेच्या फुटबॉल संघाचे नेतृत्व त्याच्याकडे होते. पुढे महायुद्ध आले. हूड्री रणगाड्यांच्या दलात अधिकारी म्हणून दाखल झाले. १९१७ च्या एप्रिलमध्ये ज्युव्हँकूरच्या लढाईत शत्रूच्या भडिमारात नादुरुस्त रणगाडे दुरुस्त करवून घेण्याचे काम त्यांनी केले आणि तेथेच ते गंभीर जखमी झाले. या कामगिरीबद्दल त्यांना शौर्यपदक मिळाले. बंद पडलेले यंत्र हा नशिबाचा भाग नसून समजून घेण्याचा विषय आहे, ही त्यांची वृत्ती त्या रणांगणावरही दिसून आली होती.

युद्धानंतर ते वडिलांच्या धंद्यात शिरले, परंतु मन मोटारींच्या शर्यतींत अधिक रमे. १९२२ मध्ये ते अमेरिकेला गेले, फोर्डचा कारखाना पाहिला, इंडियानापोलिसची शर्यत पाहिली. इंजिने झपाट्याने सुधारत आहेत आणि त्यांना मिळणारे इंधन मात्र मागे पडले आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. फ्रान्सला तर ही उणीव अधिकच जाणवत होती, कारण त्या देशात तेल जवळजवळ नव्हतेच. होता तो हलक्या प्रतीचा लिग्नाइट कोळसा. नीस येथील एका औषधविक्रेत्याने लिग्नाइटपासून पेट्रोल करण्याची कृती शोधल्याचे कानावर येताच हूड्री त्या उद्योगात पडले. १९२९ मध्ये दिवसाला ६० टन लिग्नाइट हाताळणारा कारखाना उभाही राहिला. परंतु हिशेब जमेना. बाहेरून येणाऱ्या तेलापुढे हे पेट्रोल महाग पडू लागले, सरकारने हात आखडता घेतला आणि कारखाना बंद करावा लागला.

या अपयशातूनच त्यांचे खरे कार्य उभे राहिले. उत्प्रेरक म्हणजे असा पदार्थ, जो रासायनिक क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. लग्न जुळवून बाजूला होणाऱ्या मध्यस्थाची उपमा त्याला शोभेल. जड तेलाचे मोठे रेणू फोडून त्यांचे पेट्रोल करताना सिलिका आणि ॲल्युमिना असलेल्या विशिष्ट मातीचा उत्प्रेरक म्हणून उत्तम उपयोग होतो, हे हूड्री यांना शेकडो प्रयोगांनंतर आढळले. अडचण एकच होती. काही मिनिटांतच त्या मातीवर कोळशाचा थर बसे आणि ती निकामी होई. इतर संशोधकांनी या ठिकाणी हात टेकले होते. हूड्री यांनी त्या थराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. थर कोळशाचा आहे ना, मग त्याच जागी हवा सोडून तो जाळून टाकावा, उत्प्रेरक पुन्हा ताजा करावा आणि त्या ज्वलनाची उष्णताही कामी लावावी, अशी व्यवस्था त्यांनी बसविली. एक पात्र काम करीत असता दुसरे स्वच्छ होत राहील, अशी पाळी लावून दिली. उपयोगी मालाइतकीच उरलेल्या काजळीची व्यवस्था लावणे हाही कारखानदाराच्या कामाचा भाग आहे, हा विचार येथे प्रथम यंत्ररूपाने प्रकट झाला.

फ्रान्समध्ये पाठबळ न मिळाल्याने १९३० मध्ये एका अमेरिकन तेल कंपनीच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेस गेले. मंदीचे दिवस होते. पैसा अपुरा पडू लागला तेव्हा १९३३ मध्ये सन ऑइल कंपनी भागीदार म्हणून पुढे आली. १९३६ मध्ये पॉल्सबरो येथे दिवसाला २,००० पिंपांचे पहिले संयंत्र चालू झाले आणि १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे त्याहून कितीतरी मोठे. जुन्या, केवळ उष्णतेवर चालणाऱ्या पद्धतीने तेलाच्या सुमारे चौथ्या हिश्शाचे पेट्रोल होई. नव्या पद्धतीने जवळजवळ निम्म्याचे होऊ लागले, आणि तेही उंची प्रतीचे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना लागणाऱ्या इंधनात या पद्धतीचा वाटा मोठा होता. याच काळात जर्मनीपुढे नमलेल्या व्हिशी सरकारचा त्यांनी अमेरिकेतून उघड निषेध केला आणि द गॉल यांच्या बाजूने संघटना उभी केली. त्या सरकारने १९४१ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. पुढल्याच वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले.

येथवरचे चरित्र एका यशस्वी उद्योजकाचे आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो यापुढचा भाग. युद्ध संपले, मोटारींची संख्या भराभर वाढली आणि लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचे सावट धरू लागले. मोटारींच्या नळीतून बाहेर पडणारे, अर्धवट जळलेले इंधनच या धुरक्याच्या मुळाशी आहे, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हाखेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. त्या वेळी हूड्री साठीकडे झुकले होते. धन आणि कीर्ती दोन्ही हाताशी होती. ज्या पेट्रोलच्या उत्पादनात आपले आयुष्य गेले त्याच्या धुराचे पुढे काय होते, हा प्रश्न दुसऱ्यांवर सोपवून ते स्वस्थ बसले असते, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. या धुराचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध असावा, या शंकेने ते अस्वस्थ झाले आणि ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढून धूर निवळण्याच्या साधनाच्या मागे लागले.

कल्पना जुनीच होती, जागा नवी होती. कारखान्यात उत्प्रेरकाने तेल फोडले होते, आता धूरनळीत उत्प्रेरक बसवायचा. प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूचा अत्यंत पातळ लेप दिलेल्या पृष्ठभागावरून गरम धूर गेला, की त्यातील विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन यांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. कारखान्यांच्या धुराड्यांसाठी आणि बंदिस्त गुदामांत माल उचलणाऱ्या गाड्यांसाठी अशी साधने त्यांनी प्रत्यक्ष वापरात आणली. मोटारीसाठीच्या साधनाचे अमेरिकन पेटंट त्यांना १९५६ मध्ये मिळाले.

तरीही रस्त्यावरच्या मोटारींत ते साधन आले नाही. कारण पेट्रोलमध्ये शिसे होते. इंजिनाचा ठोका थांबविण्यासाठी १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले जात असे, आणि शिशाचा थर बसला की प्लॅटिनम कायमचे निकामी होई. हा थर कोळशासारखा जाळून टाकता येत नव्हता. अभियंता आपल्या प्रयोगशाळेत डबा बनवू शकतो. साऱ्या देशाच्या पेट्रोलमधील शिसे मात्र तो एकटा काढू शकत नाही. १८ जुलै १९६२ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी हूड्री यांचे निधन झाले. आपले साधन सामान्य माणसाच्या मोटारीत बसलेले पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यासाठी १९७० चा कायदा यावा लागला. नव्या मोटारींतील धूर थोड्या वर्षांत सुमारे ९० टक्क्यांनी घटविण्याचे बंधन अमेरिकेने घातले, शिशाविना पेट्रोल पंपांवर आले आणि १९७५ च्या नमुन्यांपासून हूड्री यांचा डबा सुधारलेल्या रूपात रस्त्यावर धावू लागला.

या चरित्राचा बोध येथेच आहे. धुराचा प्रश्न केवळ यंत्राने सुटत नाही. यंत्र, इंधन, कायदा आणि वापरणाऱ्याचा प्रामाणिकपणा या चारही कड्या जुळाव्या लागतात. अर्थशास्त्रात या प्रश्नाला जुने नाव आहे. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात कारखान्यांच्या धुराचेच उदाहरण घेऊन सांगितले, की उत्पादकाच्या वहीतील खर्च आणि समाजाला सोसावा लागणारा खर्च यांत अंतर पडते तेव्हा बाजाराचा हिशेब खोटा ठरतो. धूर निवळणारा डबा हे अंतर भरून काढण्याचे साधन आहे. तो काढून टाकणाऱ्याला बचत झाल्यासारखे वाटते. वास्तविक तो आपला खर्च शेजाऱ्याच्या खात्यावर चढवीत असतो.

भारताने हा प्रवास उशिरा, पण क्रमाने केला. १९९५ मध्ये चार महानगरांत शिशाविना पेट्रोल आणि नव्या मोटारींना उत्प्रेरक डबा आला. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. डिझेलच्या बाबतीत शिशाची जागा गंधकाने घेतली होती, कारण गंधकही उत्प्रेरकाचा शत्रू आहे. भारत स्टेज ४ च्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ५० भाग होते, ते १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मध्ये १० भागांवर आले. हूड्री यांच्या हयातीत जी कडी जुळली नाही, ती आपल्या देशात जुळली आहे. पंपावर मिळणारे डिझेल आता साधनाला मारक राहिलेले नाही.

उरला आहे तो ट्रक आणि त्याचा मालक. डिझेलचा धूर पेट्रोलहून अवघड. हूड्री यांच्या पद्धतीच्या डब्याने त्यातील कार्बन मोनॉक्साइड निवळते. काजळीसाठी वेगळी गाळणी लागते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी युरियाच्या द्रावणाची फवारणी. गाळणीत साठलेली काजळी अधूनमधून तेथेच जाळून गाळणी मोकळी करावी लागते. ही हूड्री यांचीच युक्ती होय. मात्र त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. पंपाचा स्क्रू वाढवून डिझेल जादा सोडलेले, नोझल झिजलेले, हवेची गाळणी चोंदलेली असे इंजिन इतकी काजळी ओकते, की कोणतीही गाळणी तिला पुरी पडू नये. तेव्हा दोष डब्याला दिला जातो आणि डबा कापला जातो. जुन्या ट्रकला नवे साधन बसवावयाचे झाल्यासही क्रम हाच हवा. आधी नोझल, पंप आणि हवेची गाळणी ठीक करावी, वजन मर्यादेत आणावे आणि मग नळीला हात घालावा.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि कारावासाचीही तरतूद आहे. वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास ५२ व्या कलमाने मनाई आहे. परंतु डिझेल वाहनाच्या पी.यू.सी. तपासणीत धुराचा काळेपणा तेवढा मोजला जातो. न दिसणारी नायट्रोजनची ऑक्साइडे तेथे मोजली जात नाहीत. युरियाची यंत्रणा बंद करून ठेवलेली गाडीही हातात प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते. डोळ्यांना न दिसणारे तपासायचेच नाही, असे ठरविले तर कायदा कागदावर राहणार, हे सांगावयास नको. आणि प्रश्न किरकोळ नाही. डिझेलचा धूर माणसात कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. या निर्णयाच्या सहा दशके आधी हूड्री यांना छळणारी शंका निराधार नव्हती.

मात्र सारा रोष ट्रकमालकावर काढणे अन्यायाचे होईल. जुना ट्रक चालविणारा हा बहुधा एका-दोन गाड्यांचा मालक असतो. कर्जाचा हप्ता, टायर, डिझेल, हंगामापुरतेच मिळणारे भाडे यांच्या कात्रीत तो सापडलेला असतो. त्याने वाहिलेला ऊस साखर होऊन सर्वांच्या घरी जातो, त्याने आणलेल्या मालावर पेठा चालतात. स्वस्त भाड्याचा लाभ सर्वांनी घ्यावयाचा आणि धूर निवळण्याचा खर्च मात्र त्या एकट्याच्या माथी मारावयाचा, यालाही न्याय म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने २०१० मध्ये जुन्या वाहनांवर पर्यावरण कर बसविला. अशा कराचा पैसा त्याच वाहनांच्या इंजिनदुरुस्तीसाठी, साधने बसविण्यासाठी किंवा अगदीच निकामी झालेली गाडी मोडीत काढण्यासाठी सवलतीच्या रूपाने परत आला, तर कर भरणाऱ्याला त्याचा अर्थ कळेल. साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहती यांनाही वाहतुकीचा करार करताना गाडीची धूरनळी शाबूत असण्याची अट घालता येईल, आणि त्या अटीच्या मोबदल्यात भाड्यात थोडी वाढ देता येईल. मदत मिळूनही जो डबा कापेल, त्याच्यावर मग कायद्याचा बडगा निःसंकोचपणे उगारावा.

हूड्री यांनी आयुष्याच्या पूर्वार्धात जगाला मुबलक पेट्रोल दिले आणि उत्तरार्धात त्या पेट्रोलच्या धुराची जबाबदारी स्वतःहून अंगावर घेतली. कोणी मागितली नसतानाही त्यांनी आपली वही उघडली आणि खर्चाची बाजू लिहावयास घेतली. चांदीचा कीस जपणाऱ्या हुपरीला ही वृत्ती परकी वाटू नये. ट्रकच्या नळीतून कापून काढलेल्या डब्यातल्या प्लॅटिनमला मोडीच्या बाजारात ग्राहक मिळतो. ज्या फुप्फुसांसाठी ते तेथे बसविले होते, त्यांना असा कोणी ग्राहक नाही. म्हणूनच त्यांचा हिशेब समाजाने ठेवावयास हवा.